रोजच्या इंग्रजीतले फ्रेजल व्हर्ब (क्रियापदाला 'अप', 'आउट' असे शब्द जोडून होणारी रूपं) कसे पक्के करता? (अनुभव धागा)

गोव्यात पर्यटकांशी रोज बोलावं लागणारे इथे बरेच जण आहेत. व्याकरण येतं, पण समोरचा 'वुई हॅव रन आउट ऑफ टॉवेल्स' (टॉवेल संपलेत) म्हणाला की गाडी अडते. नुसत्या याद्या नकोत, उपयोगी पडलेली पद्धत लिहा.

फोंडा, शिकवणी
'टर्न'ची दहा रूपं एकाखाली एक पाठ करायला देऊ नका, सगळी एकमेकांत मिसळतात. एका वेळी एकच घ्यायचं, तेही पूर्ण वाक्यात आणि 'इट' घालून. 'टर्न ऑफ द फॅन' आणि 'टर्न द फॅन ऑफ' दोन्ही बरोबर. 'इट' आलं की ते मधेच बसतं: 'टर्न इट ऑफ'. 'टर्न ऑफ इट' चूक. 'लुक आफ्टर' (काळजी घेणं)चं उलटं, तिथे 'इट' शेवटीच. कोणतं कुठलं हे जोरावरून बहुधा कळतं. 'टर्न इट ऑफ' म्हणताना जोर 'ऑफ'वर येतो, 'लुक आफ्टर इट' म्हणताना 'लुक'वर. मोठ्याने म्हणून घेतल्याशिवाय हे मुलांच्या अंगवळणी पडत नाही. 'पुट अप विथ' (सहन करणं) यासारखी तीन शब्दांची रूपं मात्र सहसा तोडायची नाहीत.

आणि 'अप' म्हणजे वर, हा हट्ट सोडायला लावा. 'खा' आणि 'खाऊन टाक' यांत जो फरक, तोच 'ईट' (खाणं) आणि 'ईट अप'मध्ये. 'यूज अप', 'ड्रिंक अप' तसंच. मराठी मुलांना हे लगेच पटतं.

कळंगुट, हॉटेल रिसेप्शन
जोराचा मुद्दा अगदी खरा. 'व्हेन आर यू चेकिंग आउट?' यात जोर 'आउट'वर, पण 'चेकआउट इज ॲट इलेव्हन' यात 'चेक'वर. नाम झालं की जोर पहिल्या शब्दावर जातो. 'पिकअप', 'टेकअवे' तसेच.
'टर्न डाउन' नीट शिका: आवाज कमी करणं, नकार देणं, आणि हॉटेलात संध्याकाळी पलंगपोस काढून, पांघरूण दुमडून बिछाना झोपायला तयार करणं.
ऐकू न येण्याचं कारण बहुतेकदा जोडउच्चार असतो. 'पिक इट अप' कानावर 'पिकिटप' असं पडतं. व्हिडिओचा वेग ०.७५ ठेवा, आधी ऐकून लिहा, सबटायटल नंतर लावा.

पेडणे, टॅक्सी
मोपा विमानतळाच्या भाड्याला पाच पुरतात. 'पिक यू अप', 'ड्रॉप यू ऑफ', उशीर झाला तर 'वुई गॉट हेल्ड अप'. 'पुल ओव्हर' म्हणजे गाडी कडेला घेऊन थांबवणं, 'पुल आउट' म्हणजे कडेवरून रस्त्यावर काढणं. या दोहोंत घोळ नको.

मडगाव
वाक्प्रचार आधी ओळखायला शिका, वापरायची घाई नको. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज', म्हणजे कुत्र्यामांजरांचा पाऊस, पुस्तकात भेटतो. जुलैत बाहेर धो धो कोसळत असेल तर 'इट्स पोअरिंग' म्हणा. 'ही पास्ड आउट इन २०१९' ऐकून ब्रिटिश पाहुण्याला वाटेल की माणूस बेशुद्ध पडला. 'ग्रॅज्युएटेड' म्हणा. 'व्हेअर आर यू पुट अप?'ऐवजी 'व्हेअर आर यू स्टेइंग?'

डिचोली
कार्डावर पुढे प्रसंग मराठीत ('साखर संपली'), मागे पूर्ण इंग्रजी वाक्य. उजळणी १, ३, ७ आणि २१व्या दिवशी. चुकलं की ते कार्ड पुन्हा पहिल्या दिवसावर. आठवड्याला सात-आठ नवी पुरे, जास्त घेतली तर उजळणी तुंबते.

फोंडा, शिकवणी
राहिलंच: 'कोप अप विथ' असं काही नाही. 'कोप विथ' (निभावून नेणं) एवढंच.