मदत हवी आहे: दीवचा गोमतीमाता बीच, आईला जमेल का?

नमस्कार मंडळी, डिसेंबरात बडोद्याहून आईला दीवला न्यायचंय. तिला शांतपणे समुद्राकाठी बसायचंय, म्हणून नागवा बीच नको, तिथे वॉटर स्पोर्ट्स आणि गर्दी. गोमतीमाता बीच बेटाच्या पश्चिम टोकाला, वणाकबाऱ्याकडे, तिथे फारसं कोणी नसतं असं ऐकलंय.

अडचण गुडघ्यांची. काठी घेऊन चालते, पण कोरड्या भुसभुशीत वाळूत काठीचं रबरी टोक रुततं आणि तोल जातो, ओल्या घट्ट वाळूवर मात्र छान चालते. म्हणजे प्रश्न फक्त मधल्या पट्ट्याचा आहे.

मॅपवरचे फोटो बघून झाले, सगळे पाण्याचेच, रस्ता कुठे संपतो ते एकातही दिसत नाही. हॉटेलवाल्यांना फोन केला तर ते नागव्यालाच जा म्हणतात. स्वतःची गाडी नाही, बसने उन्यापर्यंत आणि पुढे रिक्षा. वीकेंड टाळतोय, घडीची खुर्ची आणि छत्री सोबत नेणारे.

हल्लीच कोणी जाऊन आलं असेल तर प्लीज सांगा, रिक्षा उभी राहते तिथून ओल्या वाळूपर्यंत साधारण किती चालावं लागतं, मध्ये पायऱ्या किंवा चढउतार आहे का, आणि परतीसाठी रिक्षावाला सूर्यास्तापर्यंत थांबतो का?