निळी पेटी कोणाकडे आहे? शुक्रवारी योसेमिटी

निखिल (मिलपिटास), सोमवार, रात्री 10:42

मंडळी,

मंडळाची मोठी निळी बर्फाची पेटी सध्या कोणाकडे आहे? गोडाउनमध्ये दिसत नाही. मी आत्ताच जाऊन आलो. कुलपाचा नंबर बदललाय (कोणी बदलला? कळवायचं तरी), त्यामुळे फटीतून टॉर्च मारून बघितलं. मखर आहे, समया आहेत, गेल्या वर्षीचे थर्माकोलचे हत्ती आहेत, पेटी नाही.

शुक्रवारी पहाटे 5 ला निघतोय. बारा जण, अप्पर पाइन्सला (योसेमिटी व्हॅलीतला कॅम्पग्राउंड) तंबूच्या दोन साइट. दही, पनीर, इडलीचं पीठ, श्रीखंड सगळं त्याच पेटीत जायचं आहे. नवी घेतली तर ती घराबाहेर ठेवावी लागेल आणि मलाही तिच्याबरोबर.

निखिल

शरदकाका (फ्रीमॉन्ट), मंगळवार, सकाळी 5:50

चि. निखिल,

पहिली गोष्ट, पेटी "मंडळाची" नाही. मी ती गराज सेलमधून 15 डॉलरला आणली आणि मंडळाला *वापरायला* दिली. या दोन्हींत फरक आहे आणि तो मी कार्यकारिणीच्या बैठकीत दोनदा सांगितला आहे. दुसरी गोष्ट, कुलपाचा नंबर मीच बदलला, कारण दिवाळीनंतर कोणीतरी आतली एक्स्टेन्शन कॉर्ड नेली ती अजून परत आलेली नाही. नंबर फोनवर सांगेन, इथे नाही.

पेटी कोणी नेली याची वहीत नोंद नाही. नेताना नोंद करायची असते.

शरद

प्रसाद (सॅन रमोन), मंगळवार, सकाळी 9:15

निखिल, पेटी मिळाली तरी उपयोग नाही. ती अस्वलाच्या लॉकरमध्ये बसणार नाही.

दरवेळी कोणीतरी नवीन असतं म्हणून सांगतो. प्रत्येक साइटला एक लोखंडी लॉकर असतो: 33 इंच खोल, 45 इंच रुंद, 18 इंच उंच. खाण्याचं आणि वास येणारं सगळं त्यातच ठेवायचं. टूथपेस्ट, शाम्पू, बाळाचे वाइप्ससुद्धा. दिवसा काचा बंद करून, दिसणार नाही असं गाडीत ठेवलं तर चालतं, पण अंधार पडला की गाडीत शेंगदाणासुद्धा नको. पेटी बंद असली तरी अस्वलाला ती पेटी म्हणून ओळखता येते, त्याला वासाची गरजच पडत नाही.

आपली पेटी 18 पेक्षा उंच आहे हे मी डोळ्यांनी सांगतो.

बाकी, मी सध्या रिकामा आहे हे सगळ्यांना माहीतच आहे (नोकरी गेल्यावर व्हिसावर जे 60 दिवस मिळतात, त्यांपैकी 23 संपले), त्यामुळे स्टोव्ह, गॅसचे डबे, जळाऊ लाकूड हे मी बघतो. लाकूड तिथे पोचल्यावर घेऊ. व्हॅलीत वेचायला मनाई आहे, काटकीसुद्धा उचलायची नाही. आणि शेकोटी उन्हाळ्यात फक्त संध्याकाळी 5 ते रात्री 10. म्हणजे सकाळचा चहा चुलीवरचा नाही, स्टोव्हवरचा. हे आत्ताच सांगतो, कारण मागच्या वेळी एका काकांनी पहाटे साडेपाचला लाकडं पेटवली आणि रेंजरशी बोलायला मला पुढे केलं.

प्रसाद

शरदकाका, मंगळवार, सकाळी 9:31

ते काका मीच. लाकडं पेटवली नव्हती, कालचे निखारे *फुंकले* होते.

पेटीची मापं माझ्या वहीत आहेत: लांबी 38 इंच, रुंदी 20, उंची साडेएकोणीस, चाकांसकट.

शरद

मंजूताई (सनीवेल), मंगळवार, दुपारी 12:20

प्रसाद, तुझा रेझ्युमे मला आज संध्याकाळपर्यंत पाठव, इथे नको, थेट. आमच्या ग्रुपमध्ये एक जागा आहे, अजून बाहेर टाकलेली नाही. आणि 60 दिवस म्हणजे साठच, "महिनाभर फिरून घेतो मग बघू" असं करू नकोस. माझ्या भाच्याने केलं होतं.

अस्वलाबद्दल सगळ्यांना गंमत वाटते म्हणून लिहिते. आम्ही 1998 च्या जूनमध्ये पहिल्यांदा गेलो. येऊन चार महिने झाले होते. वाय-टू-केचं काम, दिवसभर कोबोल आणि दोन आकडी वर्षांचे चार आकडी करणं, आणि राहायला सनीवेलच्या एका वन-बेडरूममध्ये आम्ही दोघं आणि यांचे दोन मित्र. कोणाकडे तंबू नव्हता, गाडीतच झोपू म्हणालो. दादरहून आईने दिलेले बेसनाचे चौदा लाडू होते, ते मी पुरवून पुरवून खात होते. स्टीलच्या डब्यात, डबा प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी डिकीत. रात्री आम्ही शेकोटीपाशी, गाडी पन्नास पावलांवर. आवाज असा आला की कोणी पत्रा वाकवतंय. खरंच वाकवत होतं. मागच्या दाराची काचेची चौकट वरून धरून खाली ओढली होती, आणि मागची सीट फाडून ते डिकीपर्यंत पोचलं होतं. डबा नेला नाही. झाकण चेपून उघडला आणि तिथेच बसून खाल्लं. एक लाडू फुटून कार्पेटवर पडला होता तेवढा राहिला.

त्या एका वर्षात पार्कात असे दीड हजारांवर प्रकार झाले होते. नंतर लॉकरचे नियम कडक झाले आणि आकडा खूप खाली आला. म्हणून प्रसाद म्हणतो ते ऐका.

भाड्याची गाडी होती. विमा कसा मिळाला ते भेटीत सांगते.

मंजू

केतकी (सांता क्लारा), मंगळवार, दुपारी 1:05

मंजूताई, तो उरलेला लाडू कोणी खाल्ला?

मंजूताई, मंगळवार, दुपारी 1:11

मी. झटकून.

निखिल, मंगळवार, दुपारी 2:40

साडेएकोणीस आणि अठरा. दीड इंचाचा प्रश्न आहे. आडवी केली तर उंची 20 होते, उभी केली तर 38. म्हणजे सरळच ठेवायला हवी. काका, "चाकांसकट" म्हणालात. चाकं किती इंचाची? काढली तर?

शरदकाका, मंगळवार, दुपारी 2:52

चाकं दोन इंचांची आहेत आणि ती काढायची नाहीत. स्क्रू गंजलेले आहेत, एकदा निघाले की परत बसणार नाहीत. भरलेली पेटी पार्किंगपासून हॉलपर्यंत ढकलत नेता येते म्हणूनच मी ती घेतली होती. बिनचाकाची पेटी म्हणजे नुसतं टोपलं.

सुटसुटीत उपाय: दोन लहान पेट्या घ्या. नाहीतर श्रीखंड नेऊ नका. जंगलात श्रीखंड कशाला?

शरद

केतकी, मंगळवार, दुपारी 3:30

श्रीखंड मी करतेय, आणि ते जाणार आहे.

निखिल, ऑफिसच्या ऑन-कॉलचं (सिस्टिम बिघडली की कधीही उठून बघायचं) काय ठरलं? शुक्रवार ते सोमवार तुझी ड्यूटी आहे. वेळापत्रकात अजून तुझंच नाव दिसतंय. अप्पर पाइन्सला सिग्नल कधी असतो कधी नसतो, आणि रात्री 2 ला पेजर वाजला तर तू काय हाफ डोमवर चढून लॅपटॉप उघडणार?

निखिल, मंगळवार, दुपारी 3:36

मला वाटलं तू घेतेयस. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री तुझी ड्यूटी कोणी घेतली होती?

केतकी, मंगळवार, दुपारी 3:41

निखिल, मी तुमच्याच गाडीत येतेय. चौथी सीट.

निखिल, मंगळवार, दुपारी 3:42

अरे हो.

अनघा (डब्लिन), मंगळवार, संध्याकाळी 6:15

कृपया ऑफिसचे विषय मंडळाच्या ईमेल लिस्टवर नकोत, इथे साडेचारशे लोक आहेत. आणि विषय बदलला तर सब्जेक्टची ओळ बदला, ही विनंती मी 2016 पासून करतेय.

ता. क. निखिल, आमच्या शेजारच्या टीममधला सौरभ घेईल तुझी ड्यूटी, मी त्याच्याशी बोलले. बदल्यात त्याला केतकीचं श्रीखंड हवंय. वेगळा डबा ठेवा.

अनघा
(लिस्टची व्यवस्था)

प्रसाद, मंगळवार, रात्री 9:02

मी हिशोब केला. चाकं नसती तर पेटी साडेसतरा इंच, लॉकर अठरा. वर अर्धा इंच सुटतो. लांबीत 45 वजा 38, सात इंच उरतात. खोलीत 33 वजा 20, तेरा. म्हणजे पेटीच्या मागे तेरा इंचांत सगळे टूथब्रश, शाम्पू, केतकीचे क्रीम, बाळाचे वाइप्स. कोरडा शिधा (पोहे, चिवडा, भाजणी, मसाल्याचे डबे) दुसऱ्या साइटच्या लॉकरमध्ये. बसतं सगळं. फक्त चाकं.

काका, मी स्वतः काढतो आणि स्वतः बसवतो. गंज काढायचं तेल आहे माझ्याकडे. सध्या वेळही आहे.

शरदकाका, मंगळवार, रात्री 9:20

प्रसाद, तू गुणी मुलगा आहेस, पण नाही.

मंजूताई, मंगळवार, रात्री 9:48

शरदभाऊ, एक विचारू? गेल्या गणपतीत मोदकांची पेटी हेमंत आणि प्रसादने *उचलून* आणली होती. दोघं घामाघूम. मी म्हटलं ढकलत का नाही आणत, तर हेमंत म्हणाला, "ताई, राहू दे." प्रसादची पाठ नंतर आठवडाभर धरली होती.

प्रसाद, मंगळवार, रात्री 9:55

पाठ पेटीने नाही धरली, दहा वर्षांच्या खुर्चीने धरली. पेटी फक्त निमित्त.

ढकलत का नाही आणली ते मला आठवत नाही. हेमंत म्हणाला उचल, मी उचलली.

शरदकाका, बुधवार, सकाळी 5:40

फरशीवर चाकांचे डाग पडतात म्हणून उचलली असेल. हॉलवाल्यांनी डिपॉझिट कापलं होतं एकदा. हेमंतने विचारपूर्वक केलं.

रस्त्याबद्दल. हायवे 580, 205, मग 120 धरा. पेट्रोल ओकडेलला भरा, व्हॅलीत पंप नाही. ग्रोव्हलँडच्या आधी चढ लागतो तिथे जुना प्रीस्ट ग्रेड घेऊ नका, जीपीएस तोच दाखवतो. दोन मैलांत दीड हजार फुटांच्या वर चढ आहे. नवा रस्ता वळणांचा आहे, लांब आहे, पण इंजिन तापत नाही. मुलांना वळणं लागतात, आल्याच्या वड्या ठेवा.

शरद

निखिल, बुधवार, सकाळी 10:10

काका, दोन्ही गाड्या इलेक्ट्रिक आहेत.

शरदकाका, बुधवार, सकाळी 10:14

मग आल्याच्या वड्या तरी ठेवा.

केतकी, बुधवार, दुपारी 12:33

कोणी हेमंतला विचारलं का? पेटी शेवटी त्यानेच उचलली ना?

अनघा, बुधवार, दुपारी 12:50

हेमंत पुण्यात आहे, वडिलांच्या मोतीबिंदूसाठी. तिथे आत्ता मध्यरात्र उलटून गेलीय. फोन करू नका, मी मेसेज टाकलाय.

आणि हो, एका साइटवर सहाच जण चालतात, लहान मुलं धरून. निखिलचा सीओईपीचा मित्र आणि त्याची मुलगी धरून बारा होतात ना? "अजून एक येतोय" असं शुक्रवारी पहाटे कळवू नका. या जागा फेब्रुवारीच्या 15 तारखेला सकाळी 7 वाजता तीन लॅपटॉप उघडून मिळवल्या आहेत, दोनदा हातातून गेल्या.

प्रसाद, बुधवार, दुपारी 1:02

मी म्हटलं होतं छोटी स्क्रिप्ट लिहितो.

शरदकाका, बुधवार, दुपारी 1:08

आणि मी म्हटलं होतं रोबोने रांगेत घुसणं बरोबर नाही. बाकीचे लोकही सात वाजता उठून बसलेले असतात. माणसाने माणसासारखी रांग लावावी.

प्रसाद, बुधवार, दुपारी 1:10

काका, तुम्ही त्या दिवशी तीन लॅपटॉपपैकी दोन चालवत होतात.

हेमंत (सध्या पुणे), बुधवार, रात्री 8:25

मंडळी, आत्ता सकाळ झाली. पेटी माझ्या गराजमध्ये आहे, वॉटर हीटरच्या मागे. गराजचा कोड निखिलला वेगळा पाठवतोय. बाबांचं ऑपरेशन काल झालं, उत्तम. आज पट्टी काढली आणि पहिलं काय म्हणाले तर "हा पंखा इतका घाण आहे?"

पेटीबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली आहे. निखिलला ती दिसेलच. काका, मी आल्यावर समक्ष बोलतो.

हेमंत

निखिल, गुरुवार, संध्याकाळी 6:40

पेटी मिळाली. आत मोदकपात्राची जाळी आणि केळीचं एक वाळलेलं पान होतं. धुऊन वाळत घातलीय.

टेपने मोजली. उंची साडेसतरा. खाली चार भोकं आहेत, चाकं नाहीत.

म्हणजे लॉकरमध्ये बसते. पहाटे 5 ला निघतो. केतकी, श्रीखंड रात्रीच आणून दे, आणि सौरभचा डबा वेगळा.

शरदकाका, गुरुवार, संध्याकाळी 6:43

चाकं कोणाकडे आहेत?