अँटिबायोटिक नीट वापरायला शिकवण्याचा खर्च सरकारने करावा का?

रानजाई:
मी एका जिल्ह्याच्या गावी मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये काम करते, त्यामुळे हा विषय रोज डोळ्यासमोर असतो. माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे वाद घालायला सोपं जाईल. डॉक्टर, नर्स आणि मेडिकलवाले या तिघांना अँटिबायोटिक कधी द्यायचं, कुठलं द्यायचं आणि कधी थांबवायचं याचं ट्रेनिंग सरकारी पैशातून मिळालं पाहिजे. फक्त सरकारी नोकरीतल्यांना नाही, प्रायव्हेटवाल्यांनाही.

एक उदाहरण देते. वयस्कर बाईंच्या लघवीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, आलं, ई. कोलाय हा जंतू निघाला. रिपोर्टमध्ये औषधांची यादी असते आणि प्रत्येकापुढे आर किंवा एस, म्हणजे जंतू दाद देत नाही किंवा देतो. सिप्रोफ्लॉक्सासिन आर, सेफोटॅक्झिम आर, असे वरचे सगळे आर. खाली नायट्रोफ्युरँटॉइन एस, आणि सगळ्यात खाली मेरोपेनेम एस, हे बाकी काही चालेना तेव्हासाठी राखून ठेवायचं इंजेक्शन. नायट्रोफ्युरँटॉइन स्वस्त, तोंडाने घ्यायची गोळी. बाईंना ताप नव्हता, जळजळ नव्हती, कल्चर नुसतं रूटीन म्हणून पाठवलेलं, म्हणजे खरं तर काहीच द्यायची गरज नव्हती, लघवीत जंतू दिसला म्हणून औषध द्यायचं नसतं, गरोदर बाईची गोष्ट वेगळी. तरी चिठ्ठीवर मेरोपेनेमची इंजेक्शनं आली. लिहिणारे डॉक्टर वाईट नाहीत, पेशंटसाठी रात्री-अपरात्री धावणारे आहेत. रिपोर्ट वाचायचा कसा हे त्यांना कॉलेज सुटल्यावर कोणी शिकवलेलं नाही.

आणि आज शिकवतंय कोण? कंपनीचा एमआर, म्हणजे औषध खपवायला दवाखान्यात फिरणारा माणूस. महाराष्ट्रात डॉक्टरला रजिस्ट्रेशन रिन्यू करायला पाच वर्षांत कॉन्फरन्स वगैरेंना हजर राहून ३० क्रेडिट पॉइंट मिळवावे लागतात आणि ते जिथे मिळतात त्या बऱ्याच हॉलच्या दारात कंपन्यांचे स्टॉल मांडलेले असतात. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की डॉक्टरांना दिलेल्या भेटवस्तूंवर कंपन्यांना टॅक्समध्ये वजावट मिळणार नाही, म्हणजे तोपर्यंत तो खर्च आपणच अर्धामुर्धा उचलत होतो. तोच पैसा सरळ ट्रेनिंगला गेला तर काय बिघडलं?

प्रश्न केवढा मोठा आहे म्हणाल तर २०१९ मध्ये भारतात औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंमुळे थेट झालेले मृत्यू तीन लाखांच्या घरात धरले जातात. आणि राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने २० मोठ्या हॉस्पिटलांत पाहणी केली, त्यात दाखल पेशंटपैकी जवळपास ७२ टक्क्यांना अँटिबायोटिक चालू होतं, त्यातही निम्म्याहून जास्त नुसतं इन्फेक्शन होऊ नये म्हणून दिलेलं. नेमका जंतू कळल्यावर दिलेलं जेमतेम ६ टक्के.

हिशेबनीस:
विरोध. सीए, वकील आपापल्या खिशातून अपडेट राहतात, मग डॉक्टरांसाठी टॅक्सभरणाऱ्याने का पैसे द्यायचे? प्रायव्हेट कॉलेजची सीट कोटीच्या भावात घेणाऱ्याला सरकारने फुकट शिकवायचं, त्याच पैशात पीएचसीत एक नर्स जास्त येईल ती सोडून? लायसन्सची अट घाला, ३० पैकी ५ पॉइंट अँटिबायोटिकचे पाहिजेतच म्हणून सांगा, फी त्यांची त्यांनी भरावी. विषय संपला.

रानजाई:
@हिशेबनीस अट घाला, माझा विरोध नाही. पण सीएने चूक केली तर त्याच्या क्लायंटचं नुकसान होतं. इथे एका दवाखान्यात वाढलेला रेझिस्टंट, म्हणजे औषधाला दाद न देणारा जंतू दुसऱ्याच घरातल्या बाळाला गाठतो, ज्याने आयुष्यात ते औषध घेतलेलं नाही. हे गावच्या गायरानासारखं आहे, चरायला सगळे आणि राखायला कोणी नाही. अशा गोष्टीला पैसा गावानेच घालावा लागतो. आणि फी त्यांनी भरायची म्हटलं तर ती परत कंपनीच भरेल, आज तेच चाललंय.

डॉ खेड्यातला:
प्रॅक्टिस करणारा म्हणून लिहितो. आम्हाला माहीत नाही या गृहीतावरच माझा आक्षेप आहे. सर्दी व्हायरसची असते, अँटिबायोटिकचा उपयोग नाही, हे फर्स्ट इयरच्या पोरालाही माहीत आहे. पण समोर ऊसतोड मजूर बसलाय, दोन दिवसांचा रोज बुडालाय, परत यायला एसटीचे पैसे नाहीत, आणि मी त्याला पॅरासिटामॉल देऊन पाच दिवस वाट बघ म्हणू? तो तिसऱ्या दिवशी शेजारच्या दवाखान्यात जातो, तिथे अझिथ्रो या अँटिबायोटिकच्या तीन गोळ्या मिळतात, सर्दी तशीही बरी होणारच असते ती होते, आणि गावभर होतं की ह्या डॉक्टरच्या हाताला गुण नाही. याला ट्रेनिंग काय करणार?

आणि हे नुसतं माझं म्हणणं नाही. पश्चिम बंगालमध्ये बीरभूम जिल्ह्यात डिग्री नसलेल्या गावठी डॉक्टरांना नऊ महिने ट्रेनिंग दिलं होतं, अभिजित बॅनर्जी, जिष्णू दास वगैरेंनी नीट लॉटरी टाकून अभ्यास केला, २०१६ ला सायन्स या जर्नलमध्ये छापून आलं. ट्रेनिंग घेतलेले लोक पेशंट जास्त बरोबर हाताळायला लागले, पण अनावश्यक औषधं आणि अँटिबायोटिक देणं काही कमी झालं नाही. झालं की मग, अजून किती पुरावा पाहिजे?

सोनचाफा:
@डॉ खेड्यातला तो अभ्यास मीही वाचलाय, पण तुम्ही त्यातून जे काढताय ते निघत नाही. ते ट्रेनिंग सगळ्या आजारांचं होतं, नुसतं अँटिबायोटिकचं नव्हतं, आणि ज्यांना दिलं त्यांचं पोटच गोळ्या विकण्यावर. त्यातून एवढंच कळतं की वर्गात बसवून लेक्चर दिल्याने हात थांबत नाही. इंग्लंडमध्ये २०१४ ला जास्त अँटिबायोटिक लिहिणाऱ्या दवाखान्यांना चीफ मेडिकल ऑफिसरच्या सहीचं एक पत्र गेलं, त्यात लिहिलेलं की तुमच्या भागातले ८० टक्के दवाखाने तुमच्यापेक्षा कमी लिहितात. बाकी काही नाही, दंड नाही, नोटीस नाही, तरी ३ टक्क्यांच्या वर घट झाली. आकडा छोटा वाटेल पण खर्च फक्त पत्राचा. डॉक्टरला त्याचंच लिहिलेलं त्याच्यासमोर ठेवायचं, हेही ट्रेनिंगच आहे.

डॉ खेड्यातला:
तिकडे प्रत्येक प्रिस्क्रिप्शन कॉम्प्युटरवर असतं. इकडे मी कागदाच्या पुडीत गोळ्या बांधून देतो, पुडीवर सकाळ-संध्याकाळ एवढंच लिहिलेलं. माझं लिहिलेलं कोण आणि कुठून मोजणार?

मेडिकलवाला:
हा पुडीचा मुद्दा निघाला ते बरं झालं. २०१४ च्या मार्चपासून शेड्यूल एच-वन, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या आणि नोंद ठेवायच्या औषधांची सरकारी यादी, लागू आहे, तेव्हापासून त्या यादीतलं अँटिबायोटिक विकलं की आम्ही रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं सगळं लिहायचं आणि तीन वर्षं जपून ठेवायचं. एफडीएचा इन्स्पेक्टर आमच्याच दारात येतो. स्वतःच्या पेशंटला स्वतः गोळ्या देणाऱ्या डॉक्टरला दुकानाचं लायसन्सच लागत नाही, म्हणजे जी गोळी पुडीतून गेली ती कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही. सगळा राग मात्र आमच्यावर.

आणि गिऱ्हाईक कसं येतं तेही सांगतो. मोबाईलवर जुन्या स्ट्रिपचा फोटो दाखवणार, "मागच्या वेळी ह्यानेच बरं वाटलेलं, दोनच द्या." चिठ्ठी नाही म्हटलं की पुढच्या दुकानात. स्ट्रिपवर लाल रेघ कशासाठी असते (डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका) हे मी रोज कोणाला तरी समजावतो, त्याचे मला कोण पैसे देतं? ट्रेनिंगची पत्रं येतात ती सगळी डॉक्टरांना. आम्हाला बोलवा, आम्ही येतो.

सोनचाफा:
@मेडिकलवाला तुमच्या बाजूने एक गोष्ट. दिल्ली, मुंबई आणि पाटण्याच्या मेडिकल दुकानांत खोटे पेशंट पाठवून पाहणी झाली होती. नुसता खोकला-ताप सांगितला तर बऱ्याच ठिकाणी अँटिबायोटिक दिलं गेलं, पण टीबीचा रिपोर्ट दाखवल्यावर तेच प्रमाण खूप खाली आलं आणि टीबीची मुख्य औषधं तर कोणीच परस्पर दिली नाहीत. म्हणजे आजार काय ते कळलं की काउंटरवरचा माणूस जपून वागतो. त्याला अजून थोडं शिकवलं तर फरक पडेल असं मला त्यावरून वाटतं.

सह्यकडा:
पूर्ण विरोध, आणि कारण कोणी बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. महाराष्ट्रात "ट्रेनिंग" हा शब्द आला की पुढे काय होतं ते आपण बघितलंय. होमिओपॅथीवाल्यांना एक वर्षाचा सीसीएमपी कोर्स, मग अॅलोपॅथीची औषधं लिहायची मुभा, मग मेडिकल कौन्सिलमध्ये वेगळं रजिस्टर, त्यावरून २०२५ मध्ये डॉक्टरांचा संप. आता सरकारी पैशाने अँटिबायोटिकचं सर्टिफिकेट वाटलं तर उद्या तेच भिंतीवर फ्रेम करून कोणीही मेरोपेनेम लावेल. साडेपाच वर्षं एमबीबीएस करणाऱ्याने काय करायचं मग?

रानजाई:
@सह्यकडा सर्टिफिकेट देऊच नका, मला चालेल. पण ज्यांच्याबद्दल तुम्ही बोलताय ते आजही लिहितायत, कायद्याने किंवा कायद्याला वळसा घालून. तालुक्याच्या बाहेर पडलं की रात्री उघडा असलेला दवाखाना बहुतेक वेळा त्यांचाच असतो. कोणाला लिहायचा हक्क असावा हा वाद तुम्ही कोर्टात लढा. तोपर्यंत त्यांच्या पेशंटला बरोबर डोस मिळू नये असं तर तुमचं म्हणणं नसेल ना.

सह्यकडा:
माझं म्हणणं आहे की हक्क नसलेल्याला शिकवणं म्हणजे मागच्या दाराने हक्क देणं. यावर आपलं जमणार नाही.

सिस्टर:
इथे दोन दिवस वाचतेय आणि नर्सच्या ट्रेनिंगचं नाव धाग्याच्या पहिल्या पोस्टनंतर कोणी घेतलं नाही. वॉर्डात अँटिबायोटिकची बाटली लावतं कोण? आम्ही. हर्नियासारख्या साध्या ऑपरेशनला चीर घ्यायच्या आधी तासाभरात एक डोस दिला की बहुतेक वेळा पुरतो, हे पुस्तकात आहे. आमच्याकडे पाच दिवस सकाळ-संध्याकाळ चालू असतं, आणि मग सुट्टीच्या कागदावर अजून पाच दिवसांच्या गोळ्या. राउंडला विचारलं "सर, आजपासून बंद करायचं का?" तर कधी हो म्हणतात, कधी माझ्याकडे असं बघतात की परत विचारायची हिंमत होत नाही. ट्रेनिंगमध्ये डॉक्टर आणि नर्सला एकत्र बसवा, म्हणजे हा प्रश्न विचारणं माझं काम आहे हे त्यांनाही कळेल.

आणि शिकवून काही होत नाही म्हणणाऱ्यांसाठी, गडचिरोली आपल्याच राज्यात आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत केलं. बाळाचे श्वास मोजायचे, न्यूमोनिया ओळखायचा, नवजात बाळाला जंतुसंसर्ग दिसला तर जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं, हे सगळं शिकवलं. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये आलं. कधी द्यायचं याबरोबर कधी द्यायचं नाही हेही त्यांना शिकवलेलं, आणि दर काही दिवसांनी सुपरवायझर गावात येऊन त्यांची वही तपासायचा. डिग्री नसलेल्या बाईला जमतं ते डिग्रीवाल्याला जमत नाही असं मी मानणार नाही.

डॉ खेड्यातला:
@सिस्टर गडचिरोलीचं मान्य, पण तिथे ती बाई गोळ्या विकत नव्हती, आणि वही तपासणारा माणूस होता. तुम्ही सांगताय त्यातलं खरं काम त्या वहीने केलंय.

सिस्टर:
मग वही तपासणाऱ्याचा पगार सरकारने द्यावा, हेच तर चाललंय इथे.

हिशेबनीस:
मला अजूनही वाटतं की क्रम चुकतोय. नवी मुंबई महापालिकेने २०१८ ला मुलांना टायफॉइडची लस द्यायला सुरुवात केली. टायफॉइडच झाला नाही तर अँटिबायोटिकचा प्रश्न येतच नाही. नळाला स्वच्छ पाणी, लस, संडास, यावर घातलेला रुपया लाखो लोकांपर्यंत जातो. आणि दुसरं, केरळसारखी सक्ती करा. तिथे चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकणाऱ्या दुकानांवर २०२४ पासून ऑपरेशन अमृत नावाने धाडी सुरू झाल्या आणि विक्री २०-३० टक्क्यांनी घटली असं त्यांच्या आरोग्यमंत्र्यांनीच सांगितलं. तिथे शाळा नाही भरवली कोणी.

रानजाई:
@हिशेबनीस भरवली, आणि धाडींच्या कितीतरी आधी. केरळने जंतूंचा रेझिस्टन्स रोखायचा स्वतःचा राज्य आराखडा २०१८ मध्येच केला, त्यात डॉक्टर, मेडिकलवाले, पशुवैद्यक सगळे धरले, जिल्ह्याजिल्ह्यात कमिट्या केल्या. धाड पडली तेव्हा कशासाठी पडली हे दुकानदाराला माहीत होतं. आपल्याकडे नुसत्या धाडी टाकल्या तर मेडिकलवाल्या दादांनी सांगितलं तसं होईल, दुकानात विक्री घटेल आणि पुडीत वाढेल. पाणी आणि लस हवीच, त्यावर कोण नाही म्हणेल. पण ज्या बाईंना आज मेरोपेनेम लावलंय त्यांना नळाने काय फरक पडणार होता?

डॉ खेड्यातला:
बरं, मी माझी अट सांगतो. मला हॉल नको, बॅग नको, जेवण नको. आमच्या तालुक्यातल्या लघवीच्या, जखमेच्या, रक्ताच्या कल्चरमध्ये कुठला जंतू सापडतोय आणि त्याला कुठलं औषध अजून लागू पडतंय याचा एक पानी तक्ता दर सहा महिन्यांनी माझ्या टेबलावर पाहिजे. मी आज जे लिहितो ते मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलच्या आकड्यांवर किंवा एमआरने ठेवलेल्या रंगीत कागदावर लिहितो. आणि तो तक्ता घेऊन कोणीतरी दवाखान्यात यावं, पंधरा मिनिटं बसावं, माझी दहा-वीस केसपेपर बघावीत आणि तोंडावर सांगावं की हे चुकलंय. पुडी बांधायच्या आधी मी केसपेपरवर लिहितो, तिथे मोजा. एमआर दर आठवड्याला येतो, सरकारचा माणूस वर्षातून दोनदा तरी येऊ दे.

रानजाई:
हे होण्यासारखं आहे. लॅबमध्ये हा सगळा डेटा पडून आहे, आमच्याकडे जागतिक आरोग्य संघटनेचं व्होनेट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यातून असा तक्ता निघतो. प्रायव्हेट लॅबना नावं काढून आकडे द्या म्हणून सांगावं लागेल, आणि तो घेऊन फिरायला ट्रेन केलेला एक फार्मासिस्ट किंवा सिस्टर तालुक्याला एक.

हिशेबनीस:
तक्ता फुकट निघतो म्हणताय, मग प्रश्न एका माणसाच्या पगाराचा आणि पेट्रोलचा. एवढंच असेल तर माझा विरोध निम्मा गेला. पण तो पगार कुठल्या हेडमधून? जिल्हा नियोजन समितीकडे मागणार असाल तर पहिल्या वर्षी मिळेल, दुसऱ्या वर्षी पालकमंत्री बदलला की बंद. आरोग्य विभागाच्या नियमित बजेटमध्ये पद मंजूर करून घ्या, नाहीतर कंत्राटी माणूस सहा महिन्यांत सोडून जाईल आणि डॉक्टरांच्या टेबलावर परत एमआरचाच कागद येईल.

मेडिकलवाला:
आणि तो माणूस येताना दुकानातही डोकावू दे. एच-वनचं रजिस्टर मी उघडून ठेवतो, त्यात गावातल्या कुठल्या डॉक्टरने काय लिहिलंय ते सगळं आहे, आजपर्यंत शिकण्यासाठी म्हणून ते कोणी वाचलेलं नाही.