देश पाहिला, पण घर कादंबरीत भेटले

गवाक्ष यांचा प्रश्न

नमस्कार. मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघे एका प्रवासी कंपनीबरोबर आठ दिवस इजिप्तला जाऊन आलो. जुन्या कैरोतील मुईझ रस्त्यासाठी आम्हाला पाऊण तास मिळाला होता. तेवढ्यात मार्गदर्शकाने सुलतान कलाउनची वास्तू दाखवली, मंडळींनी पितळी दिवे खरेदी केले आणि मी बारीक जाळीच्या लाकडी सज्जांची छायाचित्रे काढत राहिले. त्या जाळीआड कोण राहत असेल, असा विचार मनात येतो न येतो तोच बस सुटायची वेळ झाली.

परतल्यावर भाच्याने नजीब महफूझ यांच्या कैरो त्रयीचा पहिला भाग इंग्रजी अनुवादात वाचायला दिला. त्रयीच्या तिन्ही भागांना जुन्या कैरोतील ठिकाणांची नावे आहेत, आणि पहिल्या भागाला ज्याचे नाव मिळाले तो 'बैन अल-कसरैन' हा मी उभी होते त्याच रस्त्याचा एक तुकडा आहे, हे नकाशा पाहिल्यावर कळले. कथा १९१७ च्या सुमारास सुरू होते. अमिना ही गृहिणी रोज मध्यरात्री आपोआप जागी होते, दिवा घेऊन त्या जाळीच्या सज्जात जाते आणि बाहेर मौजमजा करून परतणाऱ्या नवऱ्याची वाट पाहते. सकाळी भट्टीच्या खोलीतून कणीक मळल्याचा आवाज येऊ लागला की सगळे घर जागे होते. लग्न झाल्यापासून क्वचितच उंबरठा ओलांडलेली ही बाई नवरा पोर्ट सईदला गेल्याची संधी साधून जवळच्याच हुसेन मशिदीत जाते, मोटारीचा धक्का लागून तिचे खांद्याजवळचे हाड मोडते, आणि ते सांधले गेल्यावर नवरा तिला माहेरी धाडून देतो.

हे वाचताना मला सारखे माझ्या आजोळचे माजघर दिसत होते, आणि माझी शंकाही तिथूनच सुरू होते. मला इजिप्त कळू लागले आहे, की मी आपलेच घर उचलून कैरोत नेऊन ठेवते आहे? यापुढे दर दोन महिन्यांनी एक देश कादंबरीतून वाचावा असे मनात आहे. पुस्तके कशी निवडावीत आणि त्यांतल्या चित्रणावर कितपत विसंबावे, हे जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद : पश्चिमवारा

गवाक्षताई, देश निवडण्यापेक्षा एखादा धंदा किंवा गल्ली निवडावी, असे मी सुचवेन. नोकरीनिमित्त मी तीन वर्षे इस्तंबूलला होतो आणि एवढ्या काळात त्या शहराच्या टेकड्यांवर दाटलेल्या वस्त्यांकडे मी बसच्या खिडकीतूनच पाहिले. ओरहान पामुक यांची २०१४ साली तुर्की भाषेत आलेली मेवलुत या फेरीवाल्याची कादंबरी मी भारतात परतल्यावर वाचली, तेव्हा त्या वस्त्या कशा उभ्या राहिल्या हे उमगले. अशा वस्तीला तिथे 'गेजेकोंदू' म्हणतात, म्हणजे रातोरात उभे राहिलेले घर. मेवलुत १९६९ साली, बारा वर्षांचा असताना, अनातोलियातील खेड्यातून बापाकडे येतो आणि दोघे खांद्यावर कावड घेऊन दारोदार दही विकतात. कारखान्यातले बंद डब्यांतले दही दुकानांत आले आणि हा धंदा बसला. त्यानंतरही मेवलुत हिवाळ्याच्या रात्री 'बोझा' नावाचे आंबवलेले दाट पेय विकत राहतो. त्याची लांबवलेली आरोळी ऐकून वरच्या मजल्यावरची माणसे त्याला घरात बोलावतात, आणि त्यांच्या स्वयंपाकघरांतून आपल्याला चाळीसेक वर्षांचे शहर बदलताना दिसते. पर्यटकांच्या इस्तंबूलमधल्या मशिदी आणि राजवाडे या पुस्तकात जवळजवळ नाहीतच, आणि मला तीच त्याची थोरवी वाटते.

याच लेखकाने आपल्या आणखी एका कादंबरीतील वस्तूंचे खरेखुरे संग्रहालय २०१२ साली इस्तंबूलमध्ये उघडले. त्याचे प्रवेशपत्र कादंबरीतच छापलेले आहे आणि पुस्तक घेऊन गेल्यास तिथे त्यावर शिक्का मारून मिळतो. मी तिथे होतो तेव्हा पुस्तक घरी विसरून गेलो आणि तिकीट काढून आत शिरलो, याची चुटपुट अजून आहे.

प्रतिसाद : शंकेखोर

विसंबण्याच्या प्रश्नाचे उत्तर मी आपल्याच गावावरून देतो. ज्यूल व्हर्नच्या ऐंशी दिवसांच्या जगप्रवासात नायक १८७२ च्या ऑक्टोबरात मुंबईला उतरतो आणि कोलकात्याची आगगाडी पकडतो. वाटेत गाडी थांबते, अलाहाबादपर्यंतचा पन्नास मैलांचा रूळ अजून टाकलेलाच नाही असे कळते आणि नायक हत्ती विकत घेऊन रानात शिरतो. प्रत्यक्षात मुंबई ते कोलकाता हा लोहमार्ग जबलपूरवरून मार्च १८७० मध्येच सलग सुरू झाला होता. व्हर्न भारतात कधी आलाच नव्हता आणि त्याला हत्ती हवा होता. आपण हसून पुढे जातो, कारण आपल्याला खरे काय ते माहीत असते. पण तसेच एखादे पुस्तक ब्राझीलवर असेल, तर त्यातला हत्ती आपण ओळखणार कसा?

नायजेरियाचे उदाहरण याहून गंभीर आहे. तिथे वसाहतीच्या सेवेत राहिलेल्या जॉइस केरी यांची १९३९ ची कादंबरी इबादानच्या महाविद्यालयात शिकवली जाई. आपल्या माणसांचे त्यातले चित्रण तिथल्या विद्यार्थ्यांना मुळीच पटले नाही आणि त्या विद्यार्थ्यांत चिनुआ अचेबे होते. १९५८ साली आलेली त्यांची पहिली कादंबरी इग्बो समाजाची गोष्ट आतून सांगते. तिच्यातला एकच प्रसंग सांगतो. ओकोये आपल्या उसनवारीची वसुली करायला उनोकाकडे येतो. उनोका कोला नावाचे फळ पुढे करतो, ते कोणी फोडावे याचा आग्रह थोडा वेळ चालतो, मग इकडच्या तिकडच्या गोष्टी होतात, आणि त्यानंतर ओकोये म्हणींच्या आडून दोनशे कवड्यांचा विषय काढतो. उनोका पोट धरून हसतो आणि भिंतीवरच्या खडूच्या रेघांकडे बोट दाखवतो: प्रत्येक रेघ शंभर कवड्यांची, आणि मोठी देणी आधी फेडायची असल्यामुळे ओकोयेला थांबावे लागणार! आदरातिथ्य, बोलण्याची रीत आणि पैशाचा व्यवहार हे सारे एका दारात दिसते, आणि लेखक परदेशी वाचकासाठी एखाद्या ओळीपलीकडे खुलासा करत बसत नाही. माझी कसोटी तीच आहे. लेखक वारंवार खुलासे करू लागला, की तो आपल्या माणसांशी बोलत नसून आपल्यासारख्या पाहुण्यांशी बोलतो आहे असे समजावे.

प्रतिसाद : पुस्तकपेटी

शंकेखोर यांची कसोटी चांगली आहे, पण ती फार ताणू नये. क्यूबातल्या म्हाताऱ्या कोळ्याची गोष्ट हेमिंग्वे या अमेरिकन माणसाने लिहिली, परंतु तो तिथे सुमारे वीस वर्षे राहिला होता आणि स्वतः त्या समुद्रात मासेमारीला जात होता. पु. ल. देशपांडे यांनी तिला मराठीत 'एका कोळियाने' हे नाव दिले. लहानपणी पाठ केलेल्या कवितेतला कोळी जाळे विणणारा, आणि हा गळ टाकणारा. अशी गंमत इंग्रजी मूळात असणेच शक्य नाही.

मराठी अनुवादांना आपण उगीच दुय्यम मानतो. धारवाडला राहणाऱ्या जी. ए. कुलकर्णी यांनी कॉनरॅड रिक्टर यांची अमेरिकन त्रयी मराठीत आणली, तिची नावे 'रान', 'शिवार' आणि 'गाव'. पहिल्या भागात पेनसिल्व्हेनियातून ओहायोच्या अरण्यात शिरलेल्या कुटुंबाच्या वाट्याला येतो तो डोक्यावरच्या पानोळ्याखालचा कायमचा अंधार, आणि मुलांची आई उजेडासाठी झुरत जाते. पुढे तिचीच मुलगी झाडे तोडून जमीन मोकळी करते, शेते होतात, गाव वसते. अमेरिका म्हटले की आपल्याला उंच इमारती आठवतात, परंतु 'शिवार' हा शब्द वाचला की त्या देशातली माती हाताला लागते. गवाक्षताईंनी आजोळचे माजघर कैरोत नेले तर त्यात मला काहीच वावगे दिसत नाही. फक्त तिथल्या भट्टीच्या खोलीला चुलीची खोली समजू नये, एवढेच.

गवाक्ष

सर्वांचे मनापासून आभार. त्रयीचे उरलेले दोन भाग आधी संपवते, म्हणजे अमिनाच्या मुलांचे पुढे काय झाले ते कळेल, त्यानंतर इस्तंबूल. 'रान' आमच्या वाचनालयात आहे, उद्याच आणते. पश्चिमवारा, एक विचारायचे राहिले: तो बोझा चवीला नेमका कसा लागतो?

पश्चिमवारा

आपल्या आंबिलीचा गोड आणि बराच दाट भाऊ समजा. तोही धान्य आंबवूनच करतात, त्यामुळे मागाहून किंचित आंबटपणा जिभेवर राहतो. वर दालचिनीची पूड भुरभुरतात आणि भाजलेले फुटाणे टाकतात. पेला तिरका करून तो ओतला जात नाही म्हणून मी पहिल्यांदा चमचा मागितला होता, तेव्हा दुकानदाराने काही न बोलता चमचा पुढे सरकवला.