हरणांची संख्या शिकारीने कमी करावी का?

पानगळ:
अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात आमच्या घरामागे ओकचे जुने रान आहे. दुरून ते हिरवेगार दिसते, पण आत शिरले की छातीइतक्या उंचीपर्यंत एकही झुडूप शिल्लक नाही. दोरी धरून छाटावे तशी सरळ रेघ दिसते. ओकची रोपे वीतभर होण्याआधीच खुडली जातात आणि हरणे ज्यांना तोंड लावत नाहीत ते नेचे तेवढे माजले आहेत. हरणांची शिकार करणारे लांडगे आणि प्यूमा (मांजर कुळातला मोठा प्राणी) इथून शंभराहून अधिक वर्षांपूर्वी नाहीसे झाले. झुडपांत घरटे बांधणाऱ्या हूडेड वॉर्बलरसारख्या पक्ष्यांना आता जागाच उरलेली नाही, म्हणून नियंत्रित शिकार वाढवली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुगरण:
मला हे पटत नाही. १९७० पासून उत्तर अमेरिकेत सुमारे ३ अब्ज पक्षी घटल्याचा अंदाज २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात गवताळ प्रदेशातल्या पक्ष्यांची घट फार मोठी आहे आणि तिथे हरणांचा काहीही संबंध नाही. लांडगे माणसांनी संपवले, रानाचे तुकडे माणसांनी केले, कडेला बागा लावून कोवळा चाराही आपणच पुरवला; मग शिक्षा हरणांना का? न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर २०१६ पासून नरांची नसबंदी सुरू झाली, तो मार्ग तुम्ही विचारातही घेत नाही.

पानगळ:
इतर कारणे खरी आहेत, पण त्यामुळे हे कारण खोटे ठरत नाही. याच राज्यात दहा वर्षे चाललेल्या प्रयोगात कुंपण घातलेल्या रानांमध्ये दर चौरस किलोमीटरला सुमारे ४ पासून २५ पर्यंत हरणे ठेवली होती. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सर्वाधिक हरणे असलेल्या भागात रानाच्या मधल्या थरात घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या जाती २७ टक्क्यांनी आणि संख्या ३७ टक्क्यांनी कमी भरली. नसबंदी बेटावर जमेल. शिवाय नसबंदी झालेले हरीण पुढेही रोपे खातच राहते.

माळरान:
त्याच प्रयोगात जमिनीवर आणि शेंड्याच्या थरात घरटी करणाऱ्या पक्ष्यांवर परिणाम आढळला नव्हता, हेही सांगायला हवे. मोठी हानी दर चौरस किलोमीटरला ८ ते १५ हरणांच्या दरम्यान कुठेतरी सुरू झाली, त्यामुळे हरणे असावीत की नसावीत हा वाद नसून किती असावीत हा आहे. आणि शिंगवाले नर टिपून संख्या घटत नाही; माद्या कमी कराव्या लागतात.

सुगरण:
आकड्यांबद्दल मी माघार घेते. आधी रोपांभोवती आठ फुटी कुंपणे घालून पाहावीत, एवढा आग्रह मात्र राहील, कारण मादी मारल्यावर तिच्यामागून येणाऱ्या पाडसाचे काय, याचे उत्तर इथे कोणीच दिलेले नाही.