सुया आणि हाताची ट्रीटमेंट एकत्र घ्यावी का? आईचा खांदा, मान आणि मुंग्या (तासगाव)

बागवाला_तासगाव

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, समजून घ्या. तासगावच्या बाजूला आमची दीड एकर द्राक्षबाग आहे, मांडवाची. आई ५६ वर्षांची, आठ वर्षं झाली शुगर आहे, गोळ्या चालू. दरवर्षी विरळणीला ती बायकांबरोबर स्वतः उभी राहते, म्हणजे सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत मान मागं टाकलेली, हात डोक्याच्या वर, डाव्या हातात घड आणि उजव्यात कात्री. यंदा विरळणी झाल्यावर डिपिंगलाही (घड औषधात बुडवायला) तीन दिवस गेली आणि तिथनं उजवा खांदा जो धरलाय तो धरलाच. खांद्याच्या पुढच्या अंगाला आत खोल ठणकतंय म्हणते, दंडातनं खाली कळ येते, रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते. हात पाठीमागं जात नाही, वेणी घालायला शेजारची पोरगी येते, ते बघून मला कसंतरी होतंय.

आतापर्यंत काय केलं ते सांगतो. गावात मालिश झालं, एका पायाळू बाईकडनं लाथ पण मारून घेतली (उसण भरली असेल म्हणून). मग हाडाच्या डॉक्टरांकडं एक्सरे, गोळ्या, मानेचा एमआरआय. त्यात सी५-सी६ ला (मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यात) गादी फुगलीय असं आलं, जड उचलू नका म्हणाले.

आता पाहुण्यांनी सांगलीत एक डॉक्टर सांगितलेत, ते ॲक्युपंक्चर पण करतात आणि हातानं सांधे मोकळे करायचं पण करतात. पहिल्या दिवशी गेलो तर वीस मिनिटं रिपोर्टला हातच लावला नाही, नुसतं बोटांनी मान, पाठ, खवाटा (खांद्यामागचं पसरट हाड), दंड, मनगट चाचपत होते, हात इकडं फिरव तिकडं फिरव, आणि एका ठिकाणी दाबलं तर आई ओरडलीच, "हीच ती कळ" म्हणाली. पुढच्या वेळी सुया लावू आणि मग हातानं करू असं म्हणालेत.

माझे प्रश्न असे. दोन्ही एकदम घेतलं तर अंगावर येईल का? एमआरआयमध्ये गादी दिसतीय आणि हे खवाट्यावर दाबतायत, मग खरं कुठलं? आणि मानेचं मला भ्या वाटतं, आमच्या नात्यातल्या एकाची मान दाढी झाल्यावर न्हाव्यानं झटका देऊन कटकन मोडली होती, पुढं पंधरा दिवस चक्कर येत होती.

फिजिओ_मिरज

दादा, वीस मिनिटं हातानं तपासलं ही तक्रार नाही हो, मला तर ऐकून बरं वाटलं.

आधी गादीचं बघू. जपानमध्ये मानेचा काहीही त्रास नसलेल्या १,२११ जणांचे एमआरआय काढले होते, २०१५ ला ते छापून आलं, त्यात ८७.६ टक्के लोकांच्या गादीला फुगवटा होता. म्हणजे तुमच्या आईंच्या वयाला फुगवटा बहुतेक दिसणारच, पण आजचं दुखणं त्याचंच आहे का हे फोटोवरून कळत नाही, ते हातानंच शोधावं लागतं.

आईंचं वाचून माझ्या डोक्यात एक नाही, चार गोष्टी येतात आणि चारींची ट्रीटमेंट वेगळी आहे. पहिली फ्रोझन शोल्डर, कारण शुगरवाल्यांत ते जास्त दिसतं. त्यासाठी आईंना उताणं झोपवा, कोपर कमरेला चिकटवून काटकोनात वाकवा आणि त्यांनी अजिबात जोर न लावता तुम्ही त्यांचा हात हळूच बाहेरच्या बाजूला फिरवून बघा. डाव्या हाताच्या मानानं लवकर अडकला, तुम्ही फिरवूनसुद्धा जात नाही, तर सांध्याचं आवरणच आवळलंय समजा, तिथं नुसत्या स्नायूत सुया लावून फार हाती लागणार नाही. तुम्ही फिरवल्यावर जातोय पण त्या स्वतः उचलताना कळ येतेय, तर मग स्नायू नाहीतर त्याचा दोर, ही दुसरी. तिसरी मानेतली नस. मान मागं करून दुखऱ्या बाजूला झुकवली की हातात करंट उतरतो का ते बघतात, पण हे तुम्ही घरी दाबून बघू नका, आम्हाला बघू द्या.

आणि चौथी, जी लोक हमखास विसरतात, ती मनगटाची. रात्री मुंग्यांनी जाग येते, मग त्या हात झटकतात का? झटकल्यावर बरं वाटतं का? दिवसभर कात्री चालवणाऱ्या बाईला मनगटातली नस दाबली जाणं अगदी शक्य आहे, त्यात शुगर. मुंग्या कुठल्या बोटांना येतात ते नीट विचारा. करंगळीला येत नसतील आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट एवढ्यालाच येत असतील तर मनगट आधी बघायचं. माझ्याकडं विरळणीच्या सीझननंतर अशा बायका येतात आणि बऱ्याच जणींचं आधी मानेवर ट्रॅक्शन (वजन लावून मान ओढणं) होऊन गेलेलं असतं.

जुना_पैलवान

आमचा पण अनुभव सांगतो. तालमीत खांदा निखळला होता तरणेपणी, तवापास्नं थंडीत धरतोय. मी आधी नुसत्या सुया घेतल्या एका ठिकाणी, ते हात न लावता तक्ता बघून सुया टोचायचे, सगळ्यांना सारख्याच, वीस मिनटं सुयांना लाइटचा करंट लावून ठिवायचे. दोन दिस बरं वाटायचं, परत हाय तसंच. मग दुसरीकडं गेलो तिथं आधी चाचपून गाठ धरली, तिथंच सुई, मग हात धरून वढून बसवला हळूहळू. तेनं लई फरक पडला. म्हणून सांगतो, हात न लावता टोचणाऱ्याकडं जाऊ नका. पायाळूची लाथ मी पण खाल्लीय, उसण असंल तर असंल, पण खांद्याचं ते काम न्हवं.

सुई_आणि_बोट (ॲक्युपंक्चर करतो, सातारा)

तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर मला मनापासून लिहायचंय, कारण हा विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे.

आईंना जिथं दाबल्यावर "हीच ती कळ" वाटलं ती जागा बहुतेक खवाट्याच्या मधोमध असणार. तिथं इन्फ्रास्पायनेटस नावाचा स्नायू आहे, हात बाहेर फिरवणारा. गंमत अशी की तो दुखावला की दुखतं पाठीला नाही, खांद्याच्या पुढं आत खोल दुखतं आणि दंडातनं खाली उतरतं. अमेरिकेतल्या जॅनेट ट्रॅव्हेल या डॉक्टरीणबाईंनी, ज्या पुढं राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या व्हाइट हाउसमधल्या डॉक्टर झाल्या, कुठल्या स्नायूची गाठ कुठं दुखवते याचे नकाशे काढले, त्यात हे आहे. आणि आमच्या चिनी पद्धतीत बरोबर तिथंच छोट्या आतड्याच्या मेरिडियनचा (चिनी वैद्यकात मानलेली शरीरातली वाट) ११ नंबरचा पॉइंट येतो, तियानझोंग, तो खांदा आणि हाताच्या दुखण्यासाठीच वापरतात. सगळेच पॉइंट असे जुळतात असं मात्र मी म्हणणार नाही. १९७७ ला दुखण्यावर संशोधन करणाऱ्या मेल्झॅक वगैरेंनी ७१ टक्के जुळतात असं लिहिलं आणि नंतर त्या मोजणीवर बरेच आक्षेप आले. पण मुळात दाबल्यावर पेशंट "हां, इथंच" म्हणेल तीच जागा, याला चिनी भाषेत आ-शी पॉइंट म्हणतात, आणि ही गोष्ट सातव्या शतकातल्या सुन सिमियाओ या वैद्यापासून चालत आलीय. जपानमध्ये तर सतराव्या शतकात सुगियामा वाइची हे आंधळे वैद्य होते, नळीतनं सुई घालायची पद्धत त्यांच्या नावानं ओळखली जाते, आणि आंधळी माणसं हे काम शिकायची. सगळी भिस्त बोटांवर. म्हणून हातानं तपासणं आणि सुई हे दोन वेगळे धंदे आहेत असं मला कधीच वाटलं नाही.

आता एकत्र का करायचं. प्रागचे कारेल लेविट हे डॉक्टर हातानं सांधे मोकळे करण्यातलं मोठं नाव, त्यांनी १९७९ ला लिहिलं की दुखऱ्या गाठीत इंजेक्शन देतात तेव्हा गुण औषधापेक्षा सुईचा असतो, कोरडी सुईसुद्धा बरोबर जागी गेली की दुखणं तिथल्या तिथं उतरतं. पण बरोबर जागी जायला पाहिजे, आणि ती जागा बोटच सांगतं. मी असं करतो, आधी हात मागं कुठवर जातोय ते बघून ठेवतो, समजा अंगठा कमरेच्या पट्ट्यापर्यंत. मग खवाट्यावर सुई, स्नायू आतनं एकदा मासा गळाला लागल्यासारखा उडतो, सुई काढली की परत मोजायचं. अंगठा चार बोटं वर सरकला तर निदान बरोबर. काहीच हललं नाही तर माझा अंदाज चुकला, दुसरीकडं शोधायचं. म्हणजे सुई ही ट्रीटमेंट आहे तशी तपासणी पण आहे. कधी कधी नडगीवरच्या तियाओकोउ पॉइंटला सुई ठेवून पेशंटला खांदा हलवायला लावतो, तेही तसंच मोजून.

स्नायू सैल झाला की मग हाताचं काम, आणि तेही जोराचं नाही. आईंनी माझ्या हातावर अगदी हलका दाब द्यायचा, सात-आठ सेकंद, मग श्वास सोडून सैल, आणि तेवढ्यात जेवढं मिळेल तेवढं पुढं न्यायचं. कटकन आवाज काढायची गरजच पडत नाही. अंगावर येईल का म्हणाल तर दुसऱ्या दिवशी जागा ठणकते, रग लागल्यासारखी, एक-दोन दिवस. पहिल्याच बैठकीत दहा सुया, वर मालिश, वर मानेला झटका असं कुणी केलं तर मात्र येईल, आणि कशानं फरक पडला तेही कळणार नाही.

पाकीटबंद सुई तुमच्यासमोर फोडली पाहिजे आणि एकदाच वापरायची. शुगर असल्यामुळं हे जास्त जपा. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरचा वेगळा कायदा आहे, कौन्सिल आहे, नोंदणी विचारायला लाजू नका.

एमडी_सांगली

वरच्या दोघांनी चांगलं लिहिलंय, मी थोडी दुसरी बाजू सांगतो कारण पैसे आणि अपेक्षा दोन्ही जागेवर राहायला हव्यात.

जर्मनीत कंबरदुखीच्या १,१६२ पेशंटवर मोठी ट्रायल झाली, २००७ ला आली. खऱ्या पॉइंटवर सुया लावलेल्यांत ४७.६ टक्क्यांना फरक पडला, मुद्दाम चुकीच्या जागी वरवर टोचलेल्यांत ४४.२, आणि नेहमीच्या गोळ्या-व्यायामवाल्यांत २७.४. म्हणजे सुईनं फायदा दिसतो पण पॉइंट नेमका कुठला यानं फार फरक पडला नाही. कंबर वेगळी आणि खांदा वेगळा हे मान्य, तरी मेरिडियनच्या नावाखाली कुणी पंचवीस बैठकांचं पॅकेज आधीच घ्यायला लावलं तर घेऊ नका. चार-पाच वेळात मोजण्यासारखा फरक दिसला पाहिजे.

मानेला झटका कुणालाही देऊ देऊ नका, हे मी अगदी हात जोडून सांगतो. मानेतली रक्तवाहिनी आतून फाटण्याचा धोका कमी असला तरी झाला तर पॅरालिसिसपर्यंत जातं. खांद्याच्या वरच्या भागात, मान आणि खांद्याच्या मध्ये जिथं आपण दाबून घेतो तिथं, खाली फुप्फुसाचं टोक असतं. तिथं सुई खोल गेली आणि नंतर कधीही छातीत दुखायला लागलं किंवा दम लागला तर सकाळची वाट न बघता सरळ हॉस्पिटल. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा.

आणि हातातनं वस्तू पडायला लागल्या, ब्लाऊजचे हूक लावताना बोटं अडखळायला लागली, चालताना पाय जड वाटले तर सुया पण नको आणि हात पण नको, आधी मणक्याच्या सर्जनला दाखवा. उजवा खांदा आहे, जेवणानंतर दुखतं का तेही विचारा, पित्ताशयाचं दुखणं तिथं वर येतं.

बागवाला_तासगाव

सगळ्यांचे खूप आभार. तीन आठवड्यांनी लिहितोय, बागेचा माल चालू होता.

मिरजेच्या ताईंनी सांगितलं तसं घरी हात फिरवून बघितला, दोन्हीकडं सारखाच जातोय, म्हणजे फ्रोझन नाही. मुंग्या विचारल्या तर अंगठा आणि पुढची दोन बोटं, आणि हो, आई रात्री हात झटकतच बसते, आम्हाला कुणाला माहितीच नव्हतं. हे सगळं एका कागदावर लिहून सांगलीच्या डॉक्टरांना दिलं, मानेला झटका नको हेही सांगितलं. ते म्हणाले मी देतच नाही. त्यांनी मनगट वाकवून धरायला लावलं, एक मिनिट धरायचं होतं, चाळीस सेकंदातच बोटांत मुंग्या आल्या. रात्रीसाठी मनगटाचा पट्टा दिला, तो लावल्यापास्नं झोप लागतीय.

खवाट्यावर सुई लावली तेव्हा स्नायू उडालेला मी बघितला, आई दचकली पण नंतर म्हणाली खांद्याच्या पुढचं ओझं उतरलं. चार बैठका झाल्या. अंगठा आधी मागं साडीच्या कमरेपर्यंतच जात होता, आता ब्लाऊजच्या खालच्या हुकापर्यंत जातोय. ठणका अजून आहे, संध्याकाळी जास्त. एमडी सर, जेवणाचा आणि दुखण्याचा संबंध काही लागला नाही, गोळी पण नाही रक्ताची.

आता एकच, एप्रिलात खरड छाटणी आहे आणि ती ऐकणार नाही. जाऊ द्यायचं का?

फिजिओ_मिरज

मनगटाचं निघालं ना, बरं झालं वेळेवर कळलं. नसेची टेस्ट एकदा करून घ्या, किती दाबलीय ते कळेल, मिरजेत होते.

छाटणीला कात्री त्यांच्या हातात यंदा देऊच नका, मनगट परत तिथंच जाईल. काड्या गोळा करणं, बायकांना पाणी-चहा, हिशेब हे करू द्या, घरी बसवलंत तर त्या रुसतील आणि गुपचूप जातील. पुढच्या विरळणीला मात्र स्टूल करून घ्या, घड डोळ्यांच्या समोर आला पाहिजे, डोक्याच्या वर नाही. आणि वीस मिनिटं झाली की हात खाली, मान पुढं, दोन मिनिटं. सगळ्याच बायकांना, फक्त आईंना नाही.

बागवाला_तासगाव

ओके ताई. वेल्डिंगवाल्याला सांगतो, सहा स्टूल लागतील, जमीन वरखाली आहे म्हणून पाय रुंद करून घेतो.