सोरायसिसचं मलम: एका वेळी किती, आणि थांबवायचं कधी?

मेडिकलवाला, विटा

नमस्कार मंडळी. ऊसतोडीचा हंगाम आणि थंडी एकदमच येतात, आणि त्याबरोबर काउंटरवर सोरायसिसच्या (कातडीवर जाड, पापुद्रे सुटणारे चट्टे येण्याच्या आजाराच्या) चिठ्ठ्या वाढतात. कोपर, गुडघे, कंबर आणि डोकं, बहुतेकांचं हेच. चिठ्ठीवर क्लोबेटासोल (जोरदार स्टिरॉइड) ०.०५ टक्के, पापुद्रे उतरवणाऱ्या सॅलिसिलिक अ‍ॅसिडसह, शिवाय कॅल्सिपोट्रिऑल (स्टिरॉइड नसलेलं मलम) आणि खाली "दोन वेळा लावणे". यापलीकडं काही लिहिलेलं नसतं. पेशंट १५ ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरवतो आणि "गुण नाही" म्हणून परत येतो. दुसरा कुणी तीच ट्यूब चिठ्ठीविना वर्षभर मागत राहतो.

काउंटरवर दोन मिनिटांत सांगता येईल असं माप हवं आहे. दोन्ही मलमं एकावर एक लावली तर चालतं का? आणि डाग गेला नाही तरी थांबवायचं का? हा तिसरा प्रश्न लोक सगळ्यात जास्त विचारतात.

त्वचारोगतज्ज्ञ, मिरज

माप बोटाचं सांगा. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली मलमाची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. बोटांसकट दोन तळहात मावतील एवढ्या जागेला ती पुरते. त्यामुळं पेशंटला आधी त्याचाच तळहात चट्ट्यांवर ठेवून मोजायला लावा. सगळे चट्टे मिळून सहा तळहात भरले, तर एका वेळेला तीन रेघा म्हणजे दीड ग्रॅम, दोन वेळचे तीन ग्रॅम. ३० ग्रॅमची ट्यूब दहा दिवसांत संपायला हवी. एवढे चट्टे असतील, तर तुमचा महिनाभर १५ ग्रॅम पुरवणारा पेशंट गरजेच्या सहाव्या हिश्श्यावर चालला आहे. त्याचं औषध निकामी नाही, ते त्याच्या कातडीपर्यंत पोचतच नाही. फक्त ट्यूबचं तोंड बारीक असेल तर रेघ लांब दिसते पण वजन कमी भरतं, तेव्हा ट्यूब किती दिवसांत संपली ते विचारणं जास्त खात्रीचं.

वरची मर्यादाही सांगा. क्लोबेटासोल आठवड्याला ५० ग्रॅमच्या पुढं नाही आणि सलग साधारण दोन आठवडेच. त्याहून जास्त चालवायचं तर डॉक्टरनं पाहूनच. चेहरा, काख, जांघ, स्तनांखालची घडी इथं ते अजिबात नको. तिथली कातडी पातळ असते, औषध जास्त शोषलं जातं आणि ताणाच्या रेषा पडल्या की त्या जात नाहीत. अशा जागी आम्ही हायड्रोकॉर्टिझोन १ टक्का हे सौम्य स्टिरॉइड थोडे दिवस किंवा स्टिरॉइड नसलेलं टॅक्रोलिमस देतो. टॅक्रोलिमसनं पहिले काही दिवस आग होते, हे आधी सांगितलं नाही तर पेशंट तिसऱ्या दिवशी सोडून देतो. मलम लावून वर प्लॅस्टिक गुंडाळायची पद्धत कुणी सुचवली असेल, तर तीही डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. झाकलेल्या जागी औषधाचा जोर कितीतरी वाढतो.

दोन मलमं एकावर एक: नाही. सॅलिसिलिक अ‍ॅसिडमुळं कॅल्सिपोट्रिऑल निकामी होतं, महागाची ट्यूब फुकट जाते. आधी आठवडा-दोन आठवडे सॅलिसिलिकवालं मलम वापरून पापुद्रे उतरवायचे, मग ते बंद करून कॅल्सिपोट्रिऑल सुरू करायचं. त्याचा गुण सावकाश येतो, सहा ते आठ आठवडे धीर हवा. आठवड्याची मर्यादा १०० ग्रॅम. चेहऱ्यावर ते झोंबतं, म्हणून लावून झाल्यावर हात धुवायला सांगा.

आता थांबवण्याबद्दल. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर चट्टा बरा झाला तरी पांढरट किंवा काळपट डाग काही महिने राहतो. तो डाग म्हणजे आजार नव्हे. डोळे मिटून बोट फिरवायचं: जाडी आणि खरखर गेली, आजूबाजूच्या कातडीइतकं सपाट लागलं, की रोजचं स्टिरॉइड बंद. डाग जावा म्हणून लावत राहणारा माणूस कातडी पातळ करून घेतो आणि डाग तर तसाच राहतो. पण एकदम सगळंच सोडलं तर चट्टे जोरानं परततात. म्हणून सोमवार ते शुक्रवार कॅल्सिपोट्रिऑल आणि शनिवार-रविवार स्टिरॉइड, असा क्रम बऱ्याच जणांना पुढं काही महिने देता येतो.

चट्टे दहा तळहातांच्या पुढं गेले, म्हणजे अंगाच्या १० टक्क्यांहून जास्त, तर नुसत्या मलमावर भागत नाही. सकाळी बोटांचे सांधे आखडत असतील, सुजत असतील तर चट्टे थोडे असले तरी लवकर पाठवा. सांध्यांचं नुकसान मलमानं थांबत नाही.

परिचारिका, कराड

सरांच्या बोलण्यात आंघोळीनंतरच्या तेलाची भर घालते, कारण निम्मं काम तिथं होतं. कोमट पाणी, साबण कमी, घासणी अजिबात नको. अंग टिपून ओलसर असतानाच व्हॅसलीन, लिक्विड पॅराफिन किंवा खोबरेल सगळीकडं लावायचं. औषधाचं मलम त्यानंतर अर्ध्या तासानं, नाहीतर ते पातळ होतं आणि नको तिथं पसरतं. पापुद्रे नखानं काढू देऊ नका. जिथं खरचटतं तिथं साधारण दहा ते वीस दिवसांत नवा चट्टा उठतो. उसाच्या पाल्यानं हात चिरतात त्या रेषेवरच चट्टे आलेले दिसतात ते यामुळंच. तोडीला लांब बाह्या आणि पायमोजे घालायचेच.

एक गोष्ट मेडिकलमध्ये कुणी सांगत नाही. पॅराफिन किंवा व्हॅसलीन मुरलेले कपडे, चादरी, पट्ट्या लवकर पेट घेतात आणि धुतल्यावरही ते पूर्ण निघत नाही. चुलीपुढं स्वयंपाक करणाऱ्या बायकांना आणि गुऱ्हाळावर भट्टीशी काम करणाऱ्यांना हे दादा, आवर्जून सांगा.

डोक्यासाठी क्रीम देऊ नका, केसांत अडकतं. रात्री खोबरेल चोळून पापुद्रे भिजू द्यायचे, सकाळी रुंद दातांच्या फणीनं हलकेच सैल करायचे, मग कोल टारचा (दगडी कोळशाच्या डांबराचा) शॅम्पू पाच ते दहा मिनिटं ठेवून धुवायचा. टारनं पांढरे कपडे डागाळतात आणि कातडी उन्हाला हळवी होते. केस सुकल्यावर भांग पाडत पाडत औषधाच्या लोशनचे थेंब थेट कातडीवर. केसांवर ओतलेलं लोशन वाया जातं.

मेडिकलवाला, विटा

ताई, सर, आभार. तळहाताचं चित्र काढून काउंटरवर लावतो. एक राहिलं: जांघेतल्या चट्ट्याला पुष्कळ जण स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असलेली क्रीम मागतात. शेजाऱ्याला गजकर्णावर गुण आला म्हणून.

त्वचारोगतज्ज्ञ, मिरज

देऊ नका. ही स्टिरॉइड मलमं २०१८ पासून शेड्यूल एचमध्ये आहेत, चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. घडीतल्या सोरायसिसला पापुद्रे नसतात, नुसती लाल चकचकीत कातडी दिसते, त्यामुळं तो गजकर्णासारखा वाटतो. उलट गजकर्णावर स्टिरॉइड लावलं की खाज थांबते पण बुरशी पसरते, कडा पुसट होतात आणि नंतर आम्हालाही नुसतं पाहून ओळखणं अवघड जातं. कातडी खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडची तपासणी केली, म्हणजे त्यात बुरशी आहे का ते पाहिलं, की निकाल लागतो. पाठवताना पेशंटला सांगा, आधी काही लावून येऊ नका.

आणि कुणी "खात्रीची पुडी" किंवा स्टिरॉइडचं इंजेक्शन घेऊन बरा झालेला, बंद केल्यावर अंगभर लाल होऊन थंडी वाजत आला, किंवा टाचणीच्या टोकाएवढ्या पुवाच्या फोडी दिसल्या, तर मलम विकू नका. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात, भरती करून घेणाऱ्या ठिकाणी पाठवा.